रिकामा रकाना

तहसील कचेरीतील ज्या टेबलापाशी माझ्या आयुष्याची तीस-बत्तीस वर्षे सरली, त्या टेबलावर माणसाच्या आधी त्याचा अर्ज येत असे. आणि कागदावरून कागदामागचा माणूस ओळखण्याची विद्या कोणत्याच पाठशाळेत शिकवीत नसल्यामुळे ती मला हजारो अर्ज वाचता वाचताच, आणि पुष्कळदा चुका करूनच, थोडीफार अवगत झाली. फेरफाराचा अर्ज, अतिवृष्टीच्या नुकसानीचा अर्ज, मूळ निवासाच्या दाखल्याचा अर्ज. मजकूर अर्जनवीसाच्या वळणदार हातचा, भाषा ठराविक, अखेरीस कृपादृष्टीची विनवणी आणि तिच्याखाली अर्जदाराचा अंगठा. अनुभवांती असे ध्यानात आले की अर्जदाराची खरी हकीकत या सुरेख मजकुरात क्वचितच सापडते. ती सापडते एखाद्या खोडलेल्या शब्दात, समासात ओढलेल्या वाकड्या ओळीत, किंवा जो रकाना भरता आला नाही म्हणून अर्जदाराने तसाच सोडून दिला त्या रकान्यात. निवृत्तीनंतर हा विषय माझ्यापुरता दप्तरदाखल झाला अशी माझी समजूत होती. परंतु गेल्या फाल्गुनात शेजारच्या एका नववीतल्या मुलीच्या निमित्ताने तो पुन्हा पुढे आला, आणि या वेळी त्याने असा एक प्रश्न विचारला की ज्याचे उत्तर कचेरीच्या नियमावलीत नव्हते, त्यासाठी उपनिषदांची पाने उलटावी लागली.

सौसरच्या बाजारात एमपी ऑनलाइनचे एक दुकान आहे. तेथे त्या मुलीबरोबर मी गेलो, कारण तिचे वडील संत्र्याच्या बगीच्यात ओलिताच्या पाळीवर होते आणि अर्जाची मुदत त्याच दिवशी संपत होती. अर्ज होता एका संशोधनसंस्थेच्या उन्हाळी वर्गाचा. शाळकरी मुलांनी सुट्टीचे काही दिवस प्रयोगशाळेत राहावे, शास्त्रज्ञांच्या हाताखाली एखादे लहानसे काम करून पाहावे, अशी ती योजना. नाव झाले, जन्मतारीख झाली, राज्य झाले. जिल्ह्याच्या यादीत मात्र पांढुर्णा नव्हताच. आमचा जिल्हा २०२३ सालच्या ऑक्टोबरात पांढुर्णा आणि सौसर हे दोन तालुके मिळून निराळा झाला, ही वार्ता त्या यादीपर्यंत पोहोचली नव्हती. तेव्हा छिंदवाडा निवडून पुढे सरकावे लागले. नंतर आले दोन मोठे रकाने. पहिला, पूर्वीच्या संशोधनाचा अनुभव. दुसरा, आपणांस संशोधन का करावयाचे आहे.

मुलीने पिशवीतून एक वही काढली. मागल्या पावसाळ्यात त्यांच्या बगीच्यात आंबिया बहाराची फळे गळू लागली, तेव्हा तिने बांधालगतची तीन झाडे धरून रोज सकाळी शाळेआधी खाली पडलेली फळे मोजली होती. पट्टीने आखलेले रकाने: तारीख, झाड, उगवतीकडे, मावळतीकडे, पाऊस. पानामागून पान भरलेले. मध्येच तीन दिवसांचे रकाने कोरे, आणि समासात शिसपेन्सिलीने एक टिपण, की पोळ्याला मामाकडे पांढुर्ण्याला गेलो, मोजले नाही. दुकानातला तरुण मोठा सालस, दिवसाकाठी शंभर अर्ज भरणारा, त्याने वहीवरून नजर फिरवली आणि आपुलकीने सल्ला दिला, “ताई, हे तीन खाने कायले रिकामे ठेवले? आजूबाजूचे पाहून भरून टाक ना.” मुलगी गोंधळली, पण क्षणभरच. “मोजलंच नाही तं लिहू कशी?” ती म्हणाली. दुसऱ्या रकान्यासाठी त्याच्यापाशी तयार मजकूर होता, अस्खलित हिंदीत, लहानपणापासून विज्ञानाची अपार ओढ आणि देशसेवेची तळमळ असलेला. शिवाय हल्ली मोबाइलला नुसते सांगितले तरी तो असा मजकूर निमिषात लिहून देतो. मुलीने माझ्याकडे पाहिले. “काका, मले लहानपणापासून आवड-बिवड नव्हती. फळं कायले गळतात येवढंच पाहायचं होतं. हे लिहिलं तं चालते का?”

चालते का, हा तो प्रश्न. ज्ञानाच्या दारात उभ्या राहिलेल्या माणसाने आपली पात्रता सिद्ध करावी अशी अट असताना, आणि ती सिद्ध करण्याची रीत आत्मवर्णन हीच असताना, सत्य आणि प्रवेश या दोहोंना एकत्र नांदता येते काय? प्रश्न शाळकरी दिसतो, तथापि आपल्या परंपरेने तो फार प्राचीन काळी आणि फार गंभीरपणे विचारलेला आहे. तिने त्याला नाव दिले आहे ‘अधिकार’. आज आपण हा शब्द हक्क या अर्थी वापरतो. शास्त्रकारांच्या लेखी तो योग्यतेचा वाचक होता. ब्रह्मसूत्रांच्या आरंभीच्या ‘अथ’ या एका शब्दावर शंकराचार्यांनी जे विवरण केले, त्यात ब्रह्मजिज्ञासेचा अधिकारी कोण याचा निर्णय आहे: नित्य काय आणि अनित्य काय याचा विवेक, भोगांविषयी वैराग्य, शमदमादी संपत्ती आणि मोक्षाची तीव्र इच्छा. या चार साधनांत पूर्वी मिळवलेल्या यशाचा उल्लेख नाही. जो अजून काही जाणत नाही, परंतु जाणल्यावाचून ज्याला राहवत नाही, तो अधिकारी; तहान हीच तेथे पाण्याची पात्रता मानली आहे.

तत्त्व असे उदार असले तरी तत्त्वाचे दारवान नेहमीच उदार नव्हते, हेही येथेच कबूल केले पाहिजे. छांदोग्यातील सत्यकाम जाबालाची कथा सर्वांच्या परिचयाची आहे. विद्येसाठी निघालेल्या या मुलाने आईला आपले गोत्र विचारले; तारुण्यात अनेक ठिकाणी सेवा करीत फिरताना तुझा जन्म झाला, गोत्र मला ठाऊक नाही, माझे नाव जबाला आणि तुझे सत्यकाम, तेव्हा सत्यकाम जाबाल असेच सांग, असे तिने सांगितले. गौतम हारिद्रुमताने त्याला जो प्रश्न केला, तो त्या काळच्या अर्जातील पहिला रकाना होता; आणि मुलाने तो रिकामा असल्याचे, का रिकामा आहे याच्या हकीकतीसह, जसेच्या तसे निवेदन केले. गुरूने त्यावर त्याला समिधा आणावयास सांगितले, कारण तो सत्यापासून ढळला नव्हता.

या कथेचे दोन अन्वयार्थ झाले आणि दोन्ही ध्यानात ठेवण्याजोगे आहेत. सूत्रकारांनी शूद्राला ब्रह्मविद्येचा अधिकार नाही असे प्रतिपादन करताना हीच कथा पुराव्यादाखल पुढे केली: सत्य बोलला, त्यावरून तो शूद्र नाही अशी गौतमाची खात्री झाली आणि मगच त्याने उपनयन केले. म्हणजे सत्य हा जन्माचा दाखला ठरला. दुसरा अन्वय असा की सत्य सांगितल्यावर जन्माचा दाखला मागण्याचे कारणच उरले नाही. कचेरीत आयुष्य काढलेल्या माणसाला या दोन अर्थांतील अंतर चटकन कळते. पहिल्यात रिकामा रकाना अधिकाऱ्याने आपल्या अंदाजाने भरून घेतला, दुसऱ्यात तो रिकामाच राहू देऊन अर्ज मंजूर केला. मी दुसऱ्या अर्थाच्या बाजूचा आहे, आणि याचे कारण केवळ औदार्य नव्हे. ज्या मनुष्याला आपल्याविषयी ‘मला ठाऊक नाही’ असे म्हणता येते, त्यालाच पुढे जगाविषयी तसे म्हणता येईल. आणि जगाविषयी तसे म्हणता आल्यावाचून ब्रह्मविद्या नाही, पदार्थविज्ञानही नाही. फळे न मोजलेल्या दिवसाचा रकाना अंदाजाने भरणाऱ्या हातून उद्या प्रयोगशाळेत काय काय भरले जाईल, याचा विचार करावा.

सत्यकामासमोर महाभारताने कर्णाला उभे केले आहे. परशुरामाकडे अस्त्रविद्येसाठी जाताना त्याने कुळाचा रकाना खोटा भरला, ब्राह्मण आहे असे सांगितले, विद्या मिळवली, आणि मांडी पोखरणाऱ्या किड्याच्या निमित्ताने सत्य उघड झाल्यावर ऐन वेळी ब्रह्मास्त्र स्मरणार नाही असा शाप घेऊन परत आला. ही कथा मुलांना सांगताना आपण शापाशी थांबतो, ते मला अपुरे वाटते. त्याआधी द्रोणाने त्याला ब्रह्मास्त्र नाकारले होते, आणि नाकारण्याचे कारण कर्णाच्या सामर्थ्यात नव्हते, जन्मात होते. जे दार अन्यायाने बंद असते, त्याच्या चौकटीवर खोटेपणाचा मोह सर्वांत अधिक असतो. खोटे बोलणाऱ्याचा दोष त्याने नाहीसा होत नाही, मात्र दारवानाच्या माथी त्यातला वाटा येतो. आज एखाद्या संस्थेचा अर्ज पंधरा वर्षांच्या मुलाला पूर्वीच्या संशोधनाचा अनुभव विचारतो, तेव्हा जो अनुभव देण्यासाठी ती योजना आहे तोच आधी आणावयास सांगून ती त्याला नकळत कर्णाच्या वाटेवर लोटीत असते.

आत्मवर्णनाची अडचण मात्र याहून सूक्ष्म आहे. समजा, मजकूर सर्वस्वी खरा आहे. तरीही आपल्या तोंडाने आपले गुण गाणे आपल्या संस्कारांत बसत नाही. महाभारताच्या कर्णपर्वात एक विलक्षण प्रसंग आहे. गांडीव दुसऱ्याला दे असे म्हणणाऱ्याचा वध करण्याची अर्जुनाची प्रतिज्ञा. युधिष्ठिर संतापात नेमके तेच बोलून बसतो. कृष्ण तोड काढतो की वडिलांचा अपमान हाच त्यांचा वध, तेव्हा शब्दांनी अपमान कर. तो केल्यावर पश्चात्तापाने अर्जुन स्वतःचा घात करू लागतो, त्यावरही कृष्णाची तोड तयार असते: स्वतःची स्तुती कर, आत्मस्तुती हाच आत्मघात. आमच्या घरांतून मुलांना जे वळण लागते, त्यात हा निर्णय मुरलेला आहे. बक्षीस मिळाले तरी ते दुसऱ्याने सांगावे. असे वळण घेऊन आलेल्या मुलीसमोर जेव्हा आपली वैशिष्ट्ये दोनशे शब्दांत लिहा असा रकाना येतो, तेव्हा ती अडखळते, आणि शहरातील सरावलेला विद्यार्थी तिला मागे टाकून पुढे जातो. परीक्षकाच्या ध्यानी हा संस्कारांतील भेद येतोच असे नाही.

यातून वाट आहे, आणि ती स्तुती व वृत्तांत यांतील भेद ओळखण्यात आहे. मी जिज्ञासू आहे ही स्तुती. मी तीन झाडांखालची फळे मोजली हा वृत्तांत. पहिल्या वाक्यात बोलणाऱ्याचा अहंकार कर्ता असतो, दुसऱ्यात केवळ त्याचा हात. लंडनमध्ये १८१२ साली मायकेल फॅरडे नावाचा, पुस्तके बांधण्याच्या धंद्यात उमेदवारी करणारा वीस वर्षांचा तरुण हंफ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाची व्याख्याने ऐकून आला. विज्ञानाच्या कामात कोठेतरी शिरकाव व्हावा म्हणून त्याने आधी रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांना पत्र लिहिले होते, त्याचे उत्तरच आले नाही. मग त्याने डेव्हीच्या व्याख्यानांची आपली टिपणे आकृत्यांसह स्वच्छ लिहून, स्वतःच्या हातांनी त्यांचे पुस्तक बांधून डेव्हीकडे पाठवून दिली. डेव्हीने भेटीला बोलावले आणि तूर्त आपला धंदा सोडू नकोस असा सल्ला देऊन परत पाठवले. पुढे प्रयोगशाळेतील मदतनिसाची जागा अकस्मात रिकामी झाली, तेव्हा त्याला या तरुणाची आठवण झाली, आणि १८१३ च्या मार्चमध्ये फॅरडे रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये रुजू झाला. त्याच्या अर्जात स्वतःच्या गुणांचे वर्णन करण्याची गरजच पडली नाही. जे ऐकले, पाहिले, समजले ते वहीत होते. सत्यकामाच्या हातातील समिधा आणि फॅरडेच्या हातातील वही यांत मला फारसे अंतर दिसत नाही. दोन्ही वस्तू सांगतात की हा मनुष्य रिकाम्या हाताने आला नाही, आणि आणलेले त्याने स्वतः गोळा केले आहे.

आता आमच्या मुलुखाकडे येतो, कारण प्रश्न तत्त्वाचा असला तरी तो विचारणारी मुलगी सौसरची होती. १९५६ च्या नोव्हेंबरात राज्यांची फेररचना झाली तेव्हा विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. जे नागपूर काल-परवापर्यंत आमच्या प्रांताची राजधानी होते, ते एका रेषेपलीकडचे परराज्य झाले, आणि राजधानी सातपुड्यापलीकडे भोपाळला गेली. तेव्हापासून आमची मुले घरात मराठी बोलतात, शाळेत बहुधा हिंदीत शिकतात, आणि विज्ञानाचा अर्ज इंग्रजीत भरतात. पर्यावरणाचे संशोधन करणारी नीरी नागपूरला, कापूस-संशोधन नागपूरला, आमच्या संत्र्याचा विचार करणारी केंद्रीय लिंबूवर्गीय संशोधनसंस्थाही नागपूरलाच. अंतर एका सकाळच्या प्रवासाचे, पण मूळ निवासाच्या दाखल्यावर राज्य निराळे.

अशा स्थितीत ज्या सार्वजनिक योजना निघाल्या, त्यांचे ऋण मान्य केले पाहिजे. मुलांनी आपल्याच परिसरातला एखादा प्रश्न घेऊन त्यावर काम करावे ही राष्ट्रीय बालविज्ञान काँग्रेसची कल्पना १९९३ पासून चालू आहे. अकरावीपासूनच्या मुलांना संशोधनाची गोडी लावणारी किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना १९९९ साली सुरू झाली आणि २०२२ मध्ये दुसऱ्या योजनेत विलीन झाली. इस्रोने २०१९ पासून नववीच्या मुलांसाठी ‘युविका’ हा उन्हाळी कार्यक्रम आरंभिला, पहिल्या वर्षी प्रत्येक राज्यातून तीन मुले घेतली, प्रवास-निवासाचा खर्च आपल्याकडे ठेवला आणि निवडीत ग्रामीण शाळांतील मुलांना झुकते माप दिले. हे झुकते माप मला उपकार वाटत नाही. तो वजनकाट्याचा दोष काढण्याचा प्रामाणिक यत्न आहे. याउलट जगात असेही उन्हाळी वर्ग पुष्कळ आहेत की जे भरभक्कम शुल्क घेऊन शाळकरी मुलांना संशोधक म्हणवून घेण्याचे प्रमाणपत्र देतात. आपल्या परंपरेत विद्या आधी आणि दक्षिणा मागाहून. क्रम उलटला की गुरुकुलाचे दुकान होते.

थोड्या दिवसांच्या मुक्कामात संशोधन ते काय होणार, अशी शंका कोणी घेईल, आणि ती रास्त आहे. आमच्या शेजारच्या बैतूल जिल्ह्यात खेडल्याचा किल्ला आहे. दंतकथा सांगते की तेथील जैत्रपाळ राजाला ब्रह्म पाहावयाचे होते, पण रिकिबीत पाय ठेवून घोड्यावर मांड ठोकेपर्यंतच्या अवधीत. ज्या साधुसंन्याशांना ते जमले नाही त्यांना त्याने बंदीत घातले, आणि अखेर मुकुंदराजांनी त्याचा गर्व उतरवून सर्वांची सुटका केली. सुट्टीच्या एका पंधरवड्यात मुलाला शास्त्रज्ञ करून मागणारे पालक मला या राजाचे वंशज वाटतात. परंतु उन्हाळी वर्गाचा खरा उपयोग ब्रह्मदर्शनाचा नाहीच. आपण जे घरी, बांधावर, एकट्याने करीत होतो त्याला जगात नाव आहे, रीत आहे, आणि ते करणारी इतर माणसे आहेत, एवढे कळणे हाच त्याचा लाभ. आणि रिकिबीत पाय ठेवण्याच्या वेळात एवढे खचित कळू शकते.

घरचे ज्ञान आणि संस्थेतील ज्ञान यांचा संबंध सत्यकामाच्या कथेच्या उत्तरार्धात फार सुंदर सांगितला आहे, आणि तो भाग आपण सहसा वाचीत नाही. उपनयन होताच गुरूने त्याला पाठ दिला नाही. चारशे रोडावलेल्या, दुबळ्या गाई निवडून दिल्या आणि त्यांच्यामागे जा म्हटले. हजार झाल्यावाचून परतणार नाही असा निश्चय करून मुलगा रानात गेला. वर्षांनंतर परतीच्या वाटेवर बैलाने त्याला ब्रह्माचा एक पाद सांगितला, अग्नीने दुसरा, हंसाने तिसरा आणि मद्गू नावाच्या पाणपक्ष्याने चौथा. दिशा, पृथ्वी आणि समुद्र, सूर्य, चंद्र आणि वीज, डोळे, कान आणि मन, असे ते पाठ होते. म्हणजे जे समोर होते, ज्यांच्या सहवासात दिवस गेले, तेच बोलू लागले.

आमच्या पायाखालचा दगडही असाच बोलला आहे, मात्र ऐकणारे दुरून आले. पांढुर्ण्याचा दगड लोकांना माहीत आहे तो पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या गोटमारीमुळे, जांब नदीच्या पात्रात रोवलेल्या पळसावरील झेंड्यासाठी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात उडणाऱ्या त्या दगडांमुळे. आमच्या मुलीच्या वहीतील कोरे रकाने त्याच सणातले. पण तोच काळा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे, आणि छिंदवाडा जिल्ह्यातल्याच मोहगाव-कलान येथे अशा लाव्ह्याच्या थरांमध्ये गाडल्या गेलेल्या वनस्पतींच्या जीवाश्मांवर बीरबल साहनींसारख्या संशोधकाने १९३७ साली लिहिले. सौसरकडे वळले की त्याहून कितीतरी जुने, शंभर कोटी वर्षांच्या मागचे खडक वर येतात. मँगनीज पोटात बाळगणाऱ्या त्या खडकांच्या श्रेणीला भूशास्त्रात ‘सौसर’ हेच नाव आहे, आणि त्यातील एका खडकाला गोंड लोकांवरून ‘गोंडाइट’ म्हणतात. मँगनीजच्या साठ्यांवरील भूशास्त्रज्ञ फर्मर यांचा ग्रंथ १९०९ चा. ज्या गावाचे नाव भूशास्त्राच्या ग्रंथांतून शतकभर वावरत आहे, त्या गावातील मुलाने विज्ञान आमच्यापासून दूर आहे असे म्हणावे, हा मुलाचा दोष नव्हे. त्याला हे कोणी सांगितले नाही, हा आम्हा वडीलधाऱ्यांचा आहे.

तर मग संस्थेची गरज काय, रानातच शिकावे, असे म्हणण्याचा मोह येथे होतो, आणि ग्रामीण मुलांचे सांत्वन करणारे लोक तसे म्हणतातही. सत्यकाम तसे म्हणाला नाही. त्याच्या चेहऱ्यावरचे तेज पाहून तुला कोणी शिकवले असे गुरूने विचारले, तेव्हा मनुष्येतरांनी, असे त्याने सांगितले आणि लगेच विनंती केली की आता आपण शिकवावे, कारण आचार्यांकडून मिळालेली विद्याच सिद्धीस जाते असे मी ऐकले आहे. गुरूने जे शिकवले ते तेच होते. काहीही उणे नव्हते. या एका प्रसंगात दोन्ही बाजूंचे समाधान आहे. रानातले ज्ञान संस्थेतल्या ज्ञानाहून हलके नाही, म्हणून गावच्या मुलाने मान खाली घालू नये. आणि तरीही ते आचार्यासमोर मांडून पारखून घ्यावे लागते, म्हणून त्याने अर्ज करावा. अर्ज ही याचना आहे असे मानण्याची आमची जुनी कचेरीतली खोड येथे सोडली पाहिजे. मी एवढे पाहिले आहे, पुढचे दाखवा, हे सांगण्याला याचना म्हणत नाहीत.

उरला नकाराचा प्रश्न, कारण जागा थोड्या आणि अर्जदार फार असल्यामुळे बहुतेकांच्या वाट्याला नकारच येणार. अशा वेळी फळाची आशा धरू नये असे गीतेचे नाव घेऊन सांगण्याची आपल्याकडे चाल आहे. मला ती चाल मान्य नाही. निष्काम कर्माचा उपदेश अर्जुनाने स्वतःच्या मनाला करावयाचा आहे; ज्याच्या हाती फळ देणे आहे त्याने, वशिल्याने ते दुसऱ्याच्या ओंजळीत टाकून, रिकाम्या हाताच्या मुलाला निष्कामतेचा पाठ देणे हा त्या ग्रंथाचा अपमान आहे. इंदूरला जन्मलेल्या कमला भागवत, ज्यांना आपण पुढे कमला सोहोनी म्हणून ओळखले, मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन १९३३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या दारी गेल्या, तेव्हा केवळ स्त्री म्हणून संचालक चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी त्यांना प्रवेश नाकारला. त्यांनी फळाची आशा सोडली नाही; नकाराचे कारण मागितले आणि सत्याग्रह केला. एक वर्ष परीक्षेवर ठेवण्याच्या अपमानकारक अटीवर त्या आत गेल्या, १९३६ मध्ये एम.एस्सी. झाल्या, १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवली; आणि त्या एका वर्षाचे काम पाहिल्यावर संस्थेचे दार इतर स्त्रियांसाठीही उघडले. नोबेल पारितोषिक मिळवलेला शास्त्रज्ञही दारवान म्हणून चुकू शकतो, हे प्रत्येक नाकारलेल्या मुलाने लक्षात ठेवावे.

आणि उपनिषदाची निर्भयता अशी की त्याने हे सत्यकामाच्याही बाबतीत लपवले नाही. तो स्वतः आचार्य झाल्यावर उपकोसल नावाच्या शिष्याने बारा वर्षे त्याच्या अग्नींची सेवा केली; इतर शिष्यांना निरोप मिळाला, याला मिळेना. पत्नीने रदबदली केली तरी सत्यकाम काही न सांगता प्रवासाला निघून गेला. खिन्न होऊन उपकोसलाने अन्न सोडले, तेव्हा ज्या अग्नींना त्याने सांभाळले होते त्यांनीच आपसांत विचार करून त्याला शिकवले. एके काळी रिकाम्या रकान्यासह स्वीकारला गेलेला मुलगा गुरूच्या आसनावर बसल्यावर दुसऱ्याला ताटकळत ठेवतो. निवड करणाऱ्यांसाठी याहून मोठा इशारा मला ठाऊक नाही. आणि नाकारलेल्यांसाठी त्यातला दिलासा असा की ज्या कामाची निगा राखली, ते काम एखादे दिवशी शिकवू लागते. फळे मोजणाऱ्या मुलीला झाडे शिकवतील. गुरू परतल्यावर त्याच्याकडून उरलेले शिकावयाचे आहे, हे मात्र अग्नींनीही उपकोसलाला सांगितले होते.

त्या दिवशी दुकानात मुलीने पहिल्या रकान्यात लिहिले की तीन झाडांखालची गळलेली फळे मोजली, तीन दिवस मोजली नाहीत. दुसऱ्यात लिहिले की मावळतीच्या बाजूला जास्त का पडतात ते कळले नाही, ते कसे शोधतात हे पाहायचे आहे. दोनशे शब्दांच्या जागी चार ओळी झाल्या. दुकानातल्या तरुणाने मान हलवली, तरीही एकेक अक्षर तिने सांगितले तसेच टंकित केले, याबद्दल मी त्याचा आभारी आहे. पावती निघाली, आम्ही घरी आलो. या लेखाला हात घातला तोपर्यंत निकाल आलेला नव्हता, आणि तो काय लागतो यावर वरील विचारांचे खरेखोटेपण अवलंबून नाही.

उन्हाळा जवळ आला की पांढुर्ण्याच्या आणि सौसरच्या बाजारात असे अर्ज यापुढेही भरले जातील. ते भरणाऱ्या मुलांना माझे सांगणे एवढेच की जे पाहिले ते लिहा, जे पाहिले नाही ते कोणी कितीही आपुलकीने सांगितले तरी भरू नका. आणि ते अर्ज तपासणाऱ्यांना, अर्जांतच हयात घालवलेल्या एका जुन्या कारकुनाची विनंती अशी की एखादा रकाना रिकामा दिसला, तर अर्ज बाजूला टाकण्यापूर्वी तो रिकामा का आहे, एवढी चौकशी अवश्य करावी.